पत्त्यात टिंब आलं आणि पासवर्डची चौकट आली

खिट्टी (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चाकणजवळच्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळतो. विषय थोडा तांत्रिक आहे, पण ऑफिसात बसणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

रजेचे अर्ज, पगारपत्रक, कँटीनची कुपनं हे सगळं आमच्याकडे एका अंतर्गत साईटवर चालतं. पूर्वी ब्राउझरमध्ये नुसतं 'रजा' एवढा शब्द टाकला की पान उघडायचं. वर कोपऱ्यात आपलं नाव आधीच आलेलं असायचं, पासवर्ड कोणी विचारायचं नाही. सकाळी विंडोजमध्ये लॉगिन केलेलं तेवढं पुरायचं.

मार्चमध्ये मी ही साईट एचटीटीपीएसवर, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशा जोडणीवर, नेली. त्याच्या सर्टिफिकेटसाठी (साईटच्या ओळखपत्रासाठी) पूर्ण नाव लागतं, म्हणून पत्ता 'रजा डॉट अमुक कंपनी डॉट इन' असा झाला. दुसऱ्या दिवसापासून पान उघडण्याआधी प्रत्येकाला चौकट यायला लागली: युजरनेम, पासवर्ड, साइन इन. लोकांनी दोन दिवस विचारलं. मी म्हटलं, "टाका सध्या, बघतो." तेव्हापासून दोनशेच्या वर माणसं रोज सकाळी त्या चौकटीत कंपनीचा मुख्य पासवर्ड टाईप करतायत. काम अडत नव्हतं, त्यामुळे माझ्याकडूनही ते मागे पडलं.

गेल्या आठवड्यात स्टोअर्समध्ये प्रिंटर बघायला गेलो होतो. तिथल्या एक ताई एका पुरवठादाराच्या साईटवर बेअरिंगचा नंबर शोधत होत्या. त्या साईटवर तशीच चौकट आली. ताईंनी वरची ओळ वाचलीच नाही. बोटं सवयीने चालली आणि मी "थांबा" म्हणेपर्यंत एंटर दाबून झालं होतं. आमच्या कंपनीचा पासवर्ड तिसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवर गेला. तो लगेच बदलून घेतला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक ताईंची नव्हती. तीन महिने रोज सकाळी मीच त्यांना ते शिकवलं होतं.

मग बसलो आणि ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात नेमकं काय बोलणं होतं ते मुळापासून समजून घेतलं. थोडक्यात असं:

ब्राउझर पान मागतो. सर्व्हर ४०१ हा आकडा परत पाठवतो, म्हणजे 'आधी ओळख दाखव'. त्याच उत्तरात 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-ऑथेंटिकेट' नावाची एक किंवा अनेक हेडर (सोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) असतात. कोणकोणत्या पद्धतीने ओळख चालेल ते सर्व्हर त्यात सांगतो: बेसिक, डायजेस्ट, एनटीएलएम, निगोशिएट. ब्राउझर त्यातली आपल्याला येणारी पद्धत निवडतो आणि 'ऑथरायझेशन' या हेडरमध्ये पुरावा भरून तीच मागणी पुन्हा पाठवतो. मध्ये प्रॉक्सी (मागण्या पुढे पोचवणारा मधला सर्व्हर) असेल तर आकडा ४०७ आणि हेडरांची नावं वेगळी, बाकी रीत तीच. मला यातली सुंदर गोष्ट ही वाटली की एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या, मूळ मानकाने एकच पद्धत बांधून दिलेली नाही. प्रश्न कसा विचारायचा आणि उत्तर कुठे ठेवायचं एवढंच पक्कं ठरवलंय. पद्धत हवी ती बसवा, हवी ती काढा.

बेसिक ही १९९६ च्या एचटीटीपी १.० च्या मानकातच आहे. युजरनेम, कोलन (:), पासवर्ड असं जोडायचं आणि बेस६४ मध्ये लिहायचं. याला कोणी कुलूप समजू नये, ही फक्त वेगळी लिपी आहे आणि कोणालाही वाचता येते. मानकात उदाहरणाला अलादीन हे नाव आणि 'ओपन सेसमी' हा पासवर्ड दिलाय. एचटीटीपीएस नसेल तर वाटेतला कोणीही तो जसाच्या तसा वाचतो. डायजेस्टमध्ये पासवर्ड जात नाही. सर्व्हर एक नवा आकडा देतो, त्यात पासवर्ड घोळून निघालेला ठसा जातो. एनटीएलएम मायक्रोसॉफ्टची, तीन निरोपांची. आणि निगोशिएट म्हणजे बहुतेक वेळा कर्बेरॉस. सकाळी लॉगिन करताना डोमेनच्या (कंपनीची सगळी खाती सांभाळणाऱ्या) सर्व्हरकडून एक मूळ तिकीट मिळतं, ते दाखवून प्रत्येक साईटसाठी वेगळं तिकीट घ्यायचं. पासवर्ड साईटपर्यंत पोचतच नाही.

आमची 'रजा' आधी याच पद्धतीने चालायची. मग बिघडलं कुठे? टिंबात! विंडोजवर क्रोम आणि एज, दोघेही इंटरनेट ऑप्शन्समधले झोन बघतात. पत्त्यात एकही टिंब नसेल तर तो पत्ता 'लोकल इंट्रानेट' धरला जातो आणि ओळख न विचारता दिली जाते. टिंब आलं की तो पत्ता बाहेरच्या जगातला ठरतो. तिथे ब्राउझर आपणहून ओळख दाखवत नाही, माणसाला विचारतो. पत्ता पूर्ण करताना मी दोन टिंबं घातली आणि आमची साईट ब्राउझरच्या लेखी परकी झाली.

उपाय दोन. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या विंडोजच्या नियमांतून) तो पत्ता इंट्रानेट झोनमध्ये टाकायचा, किंवा क्रोमच्या 'ऑथ सर्व्हर अलाउलिस्ट' (आपोआप ओळख द्यायच्या साईटची यादी) या धोरणात नोंदवायचा. मी दुसरा केला. आज दुपारी वीस मशीनवर चाचणी घेतली, चौकट गेली. तरी काहीतरी अजून बरोबर नाही असं वाटतंय. जाणकारांनी बघावं. शिवाय बाकीच्या ब्राउझरांचे, लिनक्सचे अनुभव असतील तर लिहा.

...

नवशिका
सोमवार, रात्री १०:०५

वाखू (वाचनखूण) साठवली. एवढं सोप्या भाषेत कुठे वाचलं नव्हतं. एक शंका: आमच्याकडे अशीच साईट आहे, ती नेहमीच्या खिडकीत नीट उघडते, पण इन्कॉग्निटोमध्ये पासवर्ड विचारते. असं का?

...

खिट्टी
सोमवार, रात्री १०:१८

इन्कॉग्निटोत क्रोम ही आपोआप ओळख मुद्दाम बंद ठेवतो. आपण कोण ते कळू नये म्हणून जी खिडकी उघडली, तिथे विंडोजचं नाव परस्पर सांगणं बरोबर नाही, असा तो विचार आहे. धोरणातून चालू करता येतं. मी करणार नाही.

...

स्टुटगार्टी
मंगळवार, पहाटे १:३०

लेख आवडला. इथे जर्मनीत एका मोठ्या ऑफिसात हेच काम करतो, त्यामुळे दोन गोष्टी.

पहिली. चौकट गेली म्हणजे कर्बेरॉस चाललं असं नाही. निगोशिएटच्या आत दोन गोष्टी बसू शकतात, कर्बेरॉस किंवा एनटीएलएम. तिकीट मिळालं नाही तर विंडोज गुपचूप एनटीएलएमवर उतरतं आणि वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्कमध्ये जा, 'ऑथरायझेशन' हेडर बघा. 'निगोशिएट' शब्दानंतर अक्षरांची लांबलचक माळ दिसेल. तिची सुरुवात रोमन वाय-आय-आय अशी, तिन्ही मोठ्या लिपीत असेल, तर कर्बेरॉस. मोठा टी, लहान एल, मोठा आर, मोठा एम अशी असेल, तर एनटीएलएम. कारण एनटीएलएमचा प्रत्येक निरोप 'एनटीएलएमएसएसपी' या अक्षरांनी सुरू होतो आणि त्यातल्या पहिल्या तिघांचं बेस६४ तसं होतं. ही चार अक्षरं ओळखता आली तर अर्धा दिवस वाचतो.

दुसरी. अलाउलिस्टमध्ये तुम्ही नेमकं काय लिहिलंय? तारांकन (*) टाकून अख्खं डोमेन, म्हणजे कंपनीच्या नावाखालच्या सगळ्या साईट, दिलंय का?

...

खिट्टी
मंगळवार, सकाळी ८:५०

दादा, तुमच्या पायाशी बसायला हवं! आत्ता येऊन पाहिलं. टी-एल-आर-एम. म्हणजे चौकट गेली पण आत एनटीएलएम चाललंय. आणि हो, तारांकन टाकून अख्खं डोमेन दिलंय.

...

स्टुटगार्टी
मंगळवार, दुपारी १२:४५

मग आधी तारांकन काढा. तुमच्या डोमेनखाली भरतीची साईट, वेबिनारची साईट असं काही बाहेरच्या कंपनीकडे चालवायला दिलेलं असतंच. त्या सर्व्हरने ४०१ पाठवून एनटीएलएम मागितलं, की तुमच्या माणसांचे ब्राउझर न विचारता उत्तर देतील. एनटीएलएमचं उत्तर हाती आलं की घरी बसून पासवर्ड ताडून बघता येतो, किंवा तेच उत्तर तसंच दुसऱ्या सर्व्हरकडे सरकवता येतं. काही ठिकाणी तर नुसतं एक तारांकन लिहिलेलं मी पाहिलंय, म्हणजे जगातल्या कुठल्याही साईटला आपोआप ओळख. असं कधीही करू नका. साईटचं पूर्ण नाव, एकेक करून लिहा.

तिकीट का मिळत नाही? बहुतेक एसपीएन नोंदवलेलं नसणार. तिकीट साईटच्या नावावर निघतं: 'एचटीटीपी', तिरकी रेघ, साईटचं नाव. हे नाव डोमेनमध्ये कुठल्या तरी खात्याला जोडलेलं असावं लागतं. जुन्या छोट्या नावाचं असेल, नव्या लांब नावाचं राहिलं असेल. 'सेटएसपीएन' या आज्ञेला एल लावून यादी बघा, एस लावून नवीन जोडा. एस लावला की तेच नाव दुसऱ्या खात्यावर आधीच आहे का हे ती तपासते. दोन खात्यांवर एकच नाव पडलं तर मग काहीच चालत नाही.

आणि डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यादीत) साईटचं नाव हे दुसऱ्या नावाचं टोपणनाव असेल तर क्रोम मूळ नाव शोधून त्याचं तिकीट मागतो. यात माझे दोन दिवस गेले होते.

...

खिट्टी
मंगळवार, संध्याकाळी ६:१५

टोपणनाव नव्हतं, थेट नोंद होती. चूक तुम्ही म्हणालात तीच. जुन्या नावाचं एसपीएन होतं, नव्याचं नव्हतं. जोडलं. एका मशीनवर लॉग-ऑफ करून परत आलो, 'केलिस्ट' चालवलं, यादीत नव्या नावाचं तिकीट दिसलं. ब्राउझरमध्ये वाय-आय-आय! तारांकनही काढलं, आता यादीत फक्त एक नाव आहे. मनापासून आभार.

...

अण्णा_देवरुख
मंगळवार, रात्री ८:२०

मी निवृत्त शिक्षक, तांत्रिक काही कळत नाही. पण वाचतोय आवडीने. माझ्या बँकेच्या साईटवर अशी चौकट कधीच येत नाही. तिथे पासवर्ड त्यांच्याच पानावर विचारतात. मग ही वेगळी पद्धत का ठेवलीये?

...

खिट्टी
मंगळवार, रात्री ९:१०

अण्णा, प्रश्न अगदी मर्मावर आहे. बँकेच्या पानावरचे ते दोन रकाने हा साध्या फॉर्मचा भाग आहे. एचटीटीपीच्या मानकाच्या दृष्टीने ते लॉगिन आणि पत्ता भरायचा रकाना यात काही फरकच नसतो. तुम्ही पासवर्ड दिला की सर्व्हर एक कुकी देतो आणि नंतर ती कुकी म्हणजेच तुमची ओळख. कुकी १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये आली आणि पुढे बहुतेक सगळं जग तिकडेच गेलं.

कारण साधं आहे. ब्राउझरची चौकट राखाडी, तिथे बँकेचं बोधचिन्ह लावता येत नाही, 'पासवर्ड विसरलात?' हा दुवा देता येत नाही, ओटीपी विचारता येत नाही. आणि त्या चौकटीतून आत गेलात की बाहेर यायचा रस्ता मानकात नाहीच! बेसिकमध्ये 'लॉग आउट' असं काही नाही. ब्राउझर बंद करेपर्यंत तो पासवर्ड लक्षात ठेवून प्रत्येक मागणीबरोबर पाठवत राहतो. सायबर कॅफेत हे किती धोक्याचं होतं ते विचार करा.

...

धांडोळा
मंगळवार, रात्री ११:३५

मी काही वर्षं ब्राउझरच्या नेटवर्किंगच्या भागात काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो. धाग्यात 'हवी ती पद्धत बसवा' असं आलंय, ते ब्राउझरच्या आत खरोखर तसंच लिहिलेलं आहे.

फायरफॉक्समध्ये प्रत्येक पद्धत हा एक स्वतंत्र घटक. बेसिकचा एक, डायजेस्टचा एक, एनटीएलएमचा एक, निगोशिएटचा एक. सगळ्यांचा साचा सारखा. सर्व्हरकडून 'डायजेस्ट' असा शब्द आला की ब्राउझर त्या नावाने नोंदवलेला घटक शोधतो आणि त्याला म्हणतो, हे आव्हान घे, उत्तर बनवून दे. क्रोममध्येही रचना अशीच, प्रत्येक पद्धतीचा घटक बनवणारा एक कारखाना आणि त्यांची एक नोंदवही. सर्व्हरने चार पद्धती दिल्या तर क्रोमचा क्रम ठरलेला आहे: निगोशिएट, एनटीएलएम, डायजेस्ट, शेवटी बेसिक.

मला सगळ्यात आवडतो तो भाग म्हणजे प्रत्येक घटक आपल्याबद्दल ब्राउझरला काय सांगतो तो. बेसिक सांगतो: माझी ओळख मागणीपुरती, एकदा बनवलेलं उत्तर पुन्हा वापर. डायजेस्ट सांगतो: तोच आकडा पुन्हा चालेल, पण उत्तर दर वेळी नव्याने बनव. एनटीएलएम सांगतो: मी मागणीला नाही, जोडणीला ओळखतो. ती टीसीपी जोडणी तुटली की सगळं पहिल्यापासून. ही एनटीएलएमची जन्मखूण आहे. एचटीटीपीमध्ये प्रत्येक मागणी स्वतंत्र असायला हवी, आणि ही पद्धत म्हणते या तारेवर जो आहे तो अमुक. मध्ये साधा रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व्हरच्या पुढे बसून सगळ्यांच्या मागण्या आत देणारा) टाकला आणि त्याने एकाची जोडणी दुसऱ्याच्या मागणीला वापरली, तर एकाच्या नावाने दुसरा आत. एचटीटीपी २ मध्ये एकाच जोडणीवर अनेक मागण्या मिसळून जातात. तिथे हे बसतच नाही, म्हणून सर्व्हर 'एचटीटीपी १.१ वर ये' असा निरोप देऊन ब्राउझरला मागे आणतो. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या जूनमध्ये एनटीएलएमच्या सगळ्या आवृत्त्या कालबाह्य म्हणून जाहीर केल्या. खिट्टी, तुम्ही वेळेत बाहेर पडलात.

निगोशिएटचा घटक स्वतः काहीच करत नाही. तो पुढे ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो. विंडोजवर एसएसपीआय, लिनक्स आणि मॅकवर जीएसएसएपीआय. म्हणजे प्लगच्या आत आणखी एक प्लग. अँड्रॉइडवर क्रोमने हे काम फोनमधल्या वेगळ्या खाते-ॲपकडे सोपवायची सोय ठेवलीये, कोणतं ॲप ते धोरणात लिहायचं.

आता दुःखाची गोष्ट. रचना इतकी मोकळी असूनही नव्या पद्धती आल्या आणि दारातच राहिल्या. २०१५ मध्ये होबा, २०१६ मध्ये स्क्रॅम, २०१७ मध्ये म्युच्युअल. तिन्हींची मानकं प्रायोगिक म्हणून प्रसिद्ध झाली. म्युच्युअलमध्ये तर सर्व्हरलाही सिद्ध करावं लागायचं की याचा पासवर्ड मला खरंच माहीत आहे, त्यामुळे तोतया साईट उघडी पडली असती. मोठ्या ब्राउझरांनी एकही घेतली नाही. कारण वर अण्णांच्या उत्तरात आलंच आहे. साईटवाल्यांना ती चौकटच नको होती, मग चौकटीमागची पद्धत कितीही भक्कम असो.

...

पिंपळपान
बुधवार, सकाळी ७:२५

धांडोळा, अप्रतिम प्रतिसाद.

माझा छोटा अनुभव. घरच्या फाईल सर्व्हरला मी हौसेने देवनागरी पासवर्ड ठेवला होता. एका ब्राउझरमधून चालायचा, दुसऱ्यातून नाही. पासवर्ड चुकतोय म्हणून पाच वेळा बदलला. हे चौकटीमुळेच का?

...

धांडोळा
बुधवार, सकाळी ९:००

हो, बेसिक असणार. जुन्या मानकात अक्षरांची लिपी कोणती ते नीट लिहिलेलंच नव्हतं. एक ब्राउझर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारी मांडणी) पाठवायचा, दुसरा पश्चिम युरोपची जुनी मांडणी. यूटीएफ-८ मध्ये आपला 'अ' तीन बाइटचा, बेस६४ मध्ये त्याची चार अक्षरं होतात: ४, के, एस, एफ. जुन्या मांडणीत 'अ' ला जागाच नाही, मग भलतंच काहीतरी जायचं. २०१५ च्या सुधारित मानकात सर्व्हरला 'यूटीएफ-८ पाठवा' असं सांगायची सोय झाली, आणि फायरफॉक्सही नंतर यूटीएफ-८ वर आला. आता ब्राउझरच्या बाजूने देवनागरी पासवर्ड चालायला हवा, सर्व्हरची बाजू तेवढी तपासा. युजरनेममध्ये कोलन मात्र ठेवू नका. तो बेसिकमध्ये नाव आणि पासवर्ड तोडतो. आपला विसर्ग वेगळा, पण दिसतो सारखा आणि टाईप करताना घोळ होतो.

...

सुमेधा_सीए
बुधवार, दुपारी ३:१०

कोल्हापूरहून. आम्हा सीए लोकांच्या गळ्यात डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन असतं, यूएसबीला लावायचं. आधी त्यासाठी 'जावा' हे सॉफ्टवेअर लागायचं, मग एक दिवस क्रोममध्ये ते चालेनासं झालं. आता पोर्टलवर सही करायची तर एक वेगळी युटिलिटी आधी चालू ठेवावी लागते. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी क्लायंट समोर बसलेला आणि 'युटिलिटी सापडत नाही' असा निरोप आला की हात थरथरतात. ब्राउझर हे टोकन स्वतः का वाचत नाही?

...

खिट्टी
बुधवार, संध्याकाळी ७:००

ताई, माझ्या माहितीप्रमाणे सांगतो, धांडोळा दुरुस्त करतीलच.

टोकनने लॉगिन करणं ब्राउझरला येतं. ते ४०१ च्या पायरीवर होत नाही, त्याच्याही आधी, एचटीटीपीएसची जोडणी होताना सर्व्हर सर्टिफिकेट मागतो तेव्हा होतं. फायरफॉक्समध्ये 'सिक्युरिटी डिव्हायसेस' मध्ये टोकनच्या कंपनीची पीकेसीएस११ ही (टोकनशी बोलणारी) फाईल जोडता येते, म्हणजे तिथेही प्लगची सोय आहेच. पण तुम्हाला लॉगिनबरोबर रिटर्नच्या मजकुरावर सही करायची असते. पानातल्या कोडला 'या टोकनने या मजकुरावर सही कर' असं सांगायचा रस्ता ब्राउझरने दिलेला नाही. म्हणून जावा ॲप्लेट होती. ॲप्लेट ज्या प्लगइनच्या खाचेत बसायची ती एनपीएपीआयची खाच क्रोमने २०१५ मध्ये आवृत्ती ४५ ला काढली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये ५२ ला, फ्लॅशपुरती ठेवून. त्या खाचेतून आलेल्या प्लगइनला संगणकावर जवळजवळ काहीही करता यायचं, म्हणून ती गेली हे बरंच झालं. पण टोकनवाल्यांची सोय त्याबरोबर गेली. आता युटिलिटी तुमच्याच मशीनवर छोटा सर्व्हर होऊन बसते आणि पोर्टलचं पान १२७.०.०.१ या पत्त्यावर तिच्याशी बोलतं. 'सापडत नाही' म्हणजे ती चालू नाही, किंवा अँटिव्हायरसने अडवली, किंवा तिचं स्थानिक सर्टिफिकेट ब्राउझरला मान्य नाही. या क्रमाने बघा.

दक्षिण कोरियात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. १९९९ पासून तिथे बँकिंगसाठी सरकारमान्य सर्टिफिकेट आणि ते वापरायला ॲक्टिव्हएक्स (इंटरनेट एक्सप्लोररपुरतं प्लगइन). अख्खा देश वर्षानुवर्षं एकाच ब्राउझरला बांधला गेला. त्या सर्टिफिकेटचा खास दर्जा २०२० च्या डिसेंबरमध्ये संपला.

...

धांडोळा
बुधवार, रात्री १०:२०

दुरुस्तीची गरज नाही. एवढंच जोडतो: शेवटी जी नवी पद्धत ब्राउझरांनी मनापासून घेतली ती वेबऑथन. मार्च २०१९ मध्ये ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक झाली, आज पासकी (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) म्हणतात ती यावरच चालते. ती ४०१ च्या हेडरांत बसवलीच नाही. पानातला कोड ब्राउझरला विचारतो आणि ब्राउझर फोनला, बोटाच्या ठशाला किंवा यूएसबी किल्लीला विचारतो. पान साईटवाल्याचं, त्यामुळे त्यांना हवं तसं सजवता येतं, आणि मधली चौकट ब्राउझरची, त्यामुळे पानाला किल्ली हाताळता येत नाही. वर सांगितलेल्या तीन पद्धतींना जे जमलं नाही ते इथे जमलं.

आणि खिट्टी, तुमच्या स्टोअर्सच्या ताईंसाठी हेच औषध आहे. पासकी साईटच्या नावाला बांधलेली असते. कंपनीची पासकी पुरवठादाराच्या साईटवर ब्राउझर पुढेच करणार नाही. ताईंनी दहा वेळा होय म्हटलं तरी पाठवायला काही नाही.

...

गावठाण
गुरुवार, सकाळी १०:४०

आमच्याकडे सर्व्हरवर पुढे बेसिक आणि मागे एलडॅप (खात्यांची यादी सांभाळणारी सेवा) आहे. ऑडिटवाल्यांनी डायजेस्ट करा म्हणून लिहून दिलंय. करू का?

...

स्टुटगार्टी
गुरुवार, दुपारी १:१५

होणार नाही. एलडॅपकडे तपासायला सर्व्हरच्या हातात मूळ पासवर्ड लागतो, आणि डायजेस्टमध्ये तो येतच नाही. डायजेस्टला सर्व्हरवर त्याच्याच साच्यातला ठसा साठवलेला हवा. ऑफिसांत डायजेस्ट रुजला नाही तो मुख्यतः यामुळे. डोमेन असेल तर कर्बेरॉस करा. नसेल तर बेसिक राहू द्या, पण एचटीटीपीएसशिवाय एकही दार उघडं ठेवू नका.

कर्बेरॉस करताना एक लक्षात ठेवा: माणूस खूप ग्रुपांमध्ये असेल तर तिकीट फुगतं. अपाची या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये एका हेडरची मर्यादा मुळात ८१९० बाइट असते. नेमकं मोठ्या साहेबांनाच ४०० ची चूक येते, कारण ते सगळ्या ग्रुपांत असतात.

...

खिट्टी
शुक्रवार, रात्री ८:३०

आज बाकीची मशीन केली. विंडोजची सगळी नीट. शेवटी स्टोअर्सच्या कोपऱ्यातलं लिनक्सचं मशीन राहिलं. लिनक्सवर झोन वगैरे नसतात. धोरणात नाव नसेल तर क्रोम कोणालाच आपोआप ओळख देत नाही, तेव्हा तिथे वेगळी धोरणाची फाईल ठेवली. फायरफॉक्ससाठी अबाउट-कॉन्फिगमध्ये 'निगोशिएट' शोधून 'ट्रस्टेड-यूआरआयज' मध्ये साईटचं नाव टाकलं. तरी चौकट येतच होती.

टर्मिनलमध्ये 'केइनिट' ही मूळ तिकीट मागणारी आज्ञा चालवली. उत्तर आलं: 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट'. कर्बेरॉसला दोन्हीकडच्या घड्याळांत साधारण पाच मिनिटांच्या वर फरक चालत नाही, नाहीतर कोणी जुनं चोरलेलं तिकीट पुन्हा दाखवेल. मशीनचं घड्याळ तब्बल दोन तास मागे. पेटी उघडली. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरने मोजला, ३ व्होल्टच्या जागी १.९. रात्री मेन स्विच बंद होतो, सेल वेळ धरत नाही, आणि बाहेरच्या वेळेच्या सर्व्हरकडे जाणारा पोर्ट १२३ आमच्याच फायरवॉलवर मी बंद ठेवलेला. सेल बदलला, वेळ डोमेनच्या सर्व्हरकडून घ्यायला लावली. 'केइनिट' शांतपणे झालं, 'केलिस्ट' मध्ये तिकीट आलं, ब्राउझरमध्ये 'रजा' उघडलं.

बेसिक आमच्या सर्व्हरवर कोणीतरी जुन्या मोबाईल ॲपसाठी चालू ठेवलेलं होतं. ते ॲप आता कोणी वापरत नाही. बंद केलं. ४०१ च्या यादीत आता फक्त निगोशिएट आहे. एनटीएलएमचा वेगळा पर्यायही काढला.

सोमवारी काय होतंय ते लिहितो.

...

नवशिका
शनिवार, सकाळी ९:१५

सेलपर्यंत जाऊन पोचलात! असे धागे अजून यायला हवेत. सोमवारची वाट बघतोय.

...

खिट्टी
सोमवार, संध्याकाळी ६:५०

सकाळी नऊला स्टोअर्समधून त्याच ताईंचा फोन. "दादा, आज पासवर्ड विचारलाच नाही. काही बिघडलंय का?" खाली जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "बिघडलेलं होतं ते आज नीट झालंय. आता कंपनीच्या कुठल्याही पानावर ही चौकट येणार नाही. आली तर वरच्या ओळीतलं नाव वाचा, काही टाईप करू नका, मला बोलवा." त्यांनी ते मराठीत एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवलं.

दुपारी तीनला पुन्हा फोन. पुरवठादाराच्या त्याच पानावर चौकट आली होती. टाकला नाही. वरचं नाव त्यांनी फोनवर एकेक अक्षर करून वाचून दाखवलं.